साठीला मुलाने जेट विमानाचं तिकीट दिलंय. जाऊ का?

जनकगंजवाला | ८ मार्च, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण या वेळी सल्ला हवा आहे.

मे महिन्यात मला साठ पूर्ण होतात. घरात साठीशांतीचा विषय निघाला तेव्हा मी सांगून टाकलं की होमहवन नको, दत्ताला अभिषेक करू आणि चार माणसं जेवायला बोलावू. मुलगा म्युनिकला असतो. त्याने परस्पर भलताच घाट घातला. प्रागपासून तासाभरावर एक लहानसं विमानतळ आहे. तिथे एल-३९ नावाचं जुनं लष्करी जेट आहे, त्यात मागच्या सीटवर बसवून पंचवीस मिनिटं फिरवतात. त्याने बुकिंग करून पैसे भरले. तारीख बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. रक्कम इथे लिहीत नाही. हिला कळली तेव्हा हिने दोन दिवस भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, इतकी ती हबकली होती.

आता ग्वाल्हेरच्या माणसाला जेटचं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. मिराज ही लढाऊ विमानं १९८५ मध्ये आमच्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्याही आधीपासून आमचं सगळं आयुष्य त्या आवाजाखाली गेलं. मुरारला मामाकडे पत्र्याचं छप्पर होतं. विमान गेलं की मामी लोणच्याच्या बरण्यांवर हात ठेवून उभी राहायची. शाळेत मास्तर वाक्य अर्धवट सोडून छताकडे बघत थांबायचे, आवाज गेला की पुढचा शब्द. वैमानिक व्हावं असं मला कधी वाटलं नाही, हे प्रांजळपणे सांगतो. पण त्या आवाजाच्या आत काय असतं, हे कुतूहल मात्र आहे.

अडचणी: सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू. चष्मा. आणि मेळ्यातल्या आकाशपाळण्यात मला गरगरतं. कुणी असं काही केलंय का? विमान जुनं म्हणजे किती जुनं? भरवसा ठेवावा का?

सराफ्यातला खवय्या | ८ मार्च, रात्री १०.३१

काका, तुम्हाला नको असेल तर माझं नाव लावा. इंदूरहून मी स्वखर्चाने येतो, चिरंजीवांसाठी दोन किलो शेव घेऊन.

कंपूकर | ८ मार्च, रात्री ११.०५

आधी अभिनंदन. आता कडू बोलतो. पंचवीस मिनिटांसाठी इतके पैसे? त्या पैशांत तुम्ही दोघं सगळं युरोप आरामात बघाल. आणि आपल्याकडे एवढी विमानं उडत असताना चेक देशात कशाला? आपल्या हवाई दलाने महिन्यातून एक दिवस तिकीट लावलं तर अर्धं लष्कर (सैन्य नव्हे, आपला ग्वाल्हेरातला भाग) रांगेत उभं राहील.

सराफ्यातला खवय्या | ८ मार्च, रात्री ११.१४

आपल्याकडे सोय आहे की. फक्त आधी राष्ट्रपती व्हावं लागतं. कलामसाहेब ८ जून २००६ ला पुण्याच्या लोहगावहून सुखोईत बसले. प्रतिभाताई २५ नोव्हेंबर २००९ ला, त्याही लोहगावहूनच. गंमत म्हणजे दोघांचंही वय तेव्हा ७४ होतं. त्या हिशेबाने जनकगंजवाले काका अजून कोवळे आहेत.

जुना फिटर | ९ मार्च, सकाळी ६.२०

मी हवाई दलात वेपन फिटर होतो. पैकी बरीच वर्षं सीट बेमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट जिथे उघडतात, तपासतात आणि परत बसवतात तिथे. आधी किरण, नंतर तुमच्या महाराजपुऱ्यालाच मिराज. त्यामुळे मी या प्रश्नाकडे सीटपासून बघणार, सवय आहे.

एल-३९ वर मी काम केलेलं नाही. ते आपल्याकडे कधी नव्हतंच. आपल्या पोरांनी जेट शिकलं ते किरणवर आणि पोलंडच्या इस्क्रावर. पण एल-३९ हे नाव या धंद्यातल्या कुणालाही परकं नाही. झेकोस्लोव्हाकियाच्या एरो कारखान्याचं, पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६८. सगळी मिळून २८०० च्या वर बनली. सोव्हिएत गटातल्या बहुतेक देशांच्या वैमानिकांची पहिली जेट शाळा हीच. शिकाऊ पोराच्या चुका पोटात घालायला बनवलेलं यंत्र आहे, तेव्हा विमानाच्या जातीबद्दल मला शंका नाही.

शंका दोन ठिकाणी. पहिली, हे विमान सांभाळतं कोण. हवाई दलात एका विमानामागे माणसांची फौज असते, भांडार असतं, सही करणारा असतो आणि सही करणाऱ्यावर ओरडणारा असतो. खासगी मालकाकडे त्यातलं किती उरतं?

दुसरी, सीट. दांडा ओढला की आधी कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उडते, मग काडतुसाच्या जोरावर सीट रुळांवरून वर जाते, मग रॉकेट, मग पॅराशूट. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. ती काडतुसं बारुदाची असतात आणि औषधाच्या पाकिटासारखी त्यांना तारीख असते. तारीख गेलेलं काडतूस कदाचित चालेल, कदाचित नाही, आणि ते वापरून बघण्याची संधी एकदाच मिळते. २००९ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत एका हवाई कसरतीत जुनं लाइटनिंग विमान पडलं. पैसे घेऊन लोकांना फिरवणाऱ्यांच्या ताफ्यातलं होतं. वैमानिकाने बाहेर पडायचा प्रयत्न केला, सीट निघाली नाही. माणूस गेला.

तर त्यांना लेखी विचारा: सीट चालू आहे की निकामी केलेली? चालू असेल तर काडतुसांची तारीख काय? उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. पैसे गेले तर गेले.

कंपूकर | ९ मार्च, सकाळी ८.४४

निकामी केलेली म्हणजे? सीट आहे पण उडत नाही?

जुना फिटर | ९ मार्च, सकाळी ९.०२

बरोबर. बारूद काढून ठेवतात. खुर्ची तीच, काम खुर्चीचंच. बऱ्याच खासगी जेटमध्ये असं असतं, कारण काडतुसं मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर अशा विमानात मी बसणार नाही. सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो की सीटवर विश्वास ठेवा. आता बिनसीटचा कसा बसू?

ब्रनोकर | ९ मार्च, दुपारी २.१७

इथे राहून अकरा वर्षं झाली. हवाई प्रदर्शनांना नेमाने जातो, एल-३९ इथे आपल्याकडच्या बजाज चेतकसारखं आहे, कुणाच्या ना कुणाच्या काकाने चालवलेलं असतं. नाव अल्बाट्रॉस. १२ मीटर लांब, शेजारी-शेजारी नाही तर एकामागे एक दोन सीट, मागची थोडी उंच म्हणजे मागच्याला पुढचं दिसावं. इंजिन युक्रेनियन, एआय-२५टीएल, जोर साधारण १७०० किलोचा. ताशी ७५० किलोमीटरपर्यंत जातं. आवाजाच्या वेगाच्या पलीकडे वगैरे नाही, ज्यांना ते हवं असायचं ते रशियात निझ्नी नोवगोरोदला मिग-२९ मध्ये बसायला जायचे.

फिटरकाकांशी एका बाबतीत थोडा असहमत. अजिबात प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या दोन पायांमध्ये चालू सीटचा दांडा असणं, हाही धोकाच आहे ना? घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो.

मुरारची डॉक्टरीण | ९ मार्च, रात्री ९.५०

ब्रनोकरांनी विषय काढलाच आहे तर ही गोष्ट सांगते. आमच्या परिषदेत एका हवाई वैद्यकातल्या सरांनी सांगितली होती, नंतर मी त्या चौकशीबद्दल वाचलंही.

२० मार्च २०१९, फ्रान्समधला सॅं-दिझिए हवाई तळ. संरक्षण उद्योगातल्या एका ६४ वर्षांच्या गृहस्थांना सहकाऱ्यांनी भेट म्हणून राफेलची फेरी ठरवली. गुपचूप. त्यांना कळलं ते तळावर पोचल्यावर. त्यांनी कधी अशी इच्छाही बोलून दाखवली नव्हती, पण इतक्या लोकांनी इतकं केल्यावर नाही कसं म्हणणार? विमानाकडे जाताना त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात ठोके १३६ ते १४२ होते. पट्टे सैल, हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा न लावलेला. डॉक्टरांनी वजनहीनतेचा झटका देऊ नका असं बजावलं होतं, ते वैमानिकापर्यंत पोचलंच नाही. उड्डाण केलं, विमान वर चढलं, ३.७ जी, म्हणजे शरीरावर स्वतःच्या वजनाच्या ३.७ पट भार. मग वैमानिकाने नाक खाली घेतलं तेव्हा उणे ०.६. हे गृहस्थ सीटवरून उचलले गेले, सावरायला काहीतरी धरलं आणि ते काहीतरी म्हणजे इजेक्शनचा दांडा होता. गेले बाहेर. हेल्मेटही गेलं. नशीब की थोडक्यात निभावलं. खरं तर त्या दांड्याने वैमानिकही बाहेर फेकला जायचा, पण यंत्रणेत बिघाड झाला म्हणून तो आत राहिला आणि त्याने कॅनोपी नसलेलं राफेल उतरवलं.

मला यात जी-बी काही वाटत नाही, मला त्या माणसाची अडचण दिसते. भेट होती म्हणून तो नाही म्हणू शकला नाही. दवाखान्यात हे मी रोज बघते, मुलाने पॅकेज घेतलंय म्हणून आई अमरनाथला निघते. म्हणून जनकगंजवाले, बीपीचं नंतर बघू. मुलाने बुकिंग केलं नसतं आणि तुमच्याकडे तेवढे पैसे असते, तर तुम्ही गेला असता का?

आता बीपीचं. शरीरावर १ जी वाढला की डोळ्यांच्या पातळीला रक्ताचा दाब साधारण २२ ने कमी होतो. हृदयापाशी वरचा आकडा १२० धरा. ४ जीला बावीस चोक अठ्ठ्याऐंशी गेले, उरले ३२. डोळ्याचा स्वतःचा आतला दाब पंधरा-वीस असतो, त्यापेक्षा रक्ताचा दाब कमी झाला की पडद्याला रक्त पोचत नाही. म्हणून आधी रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख आणि त्यानंतर शुद्ध. हा ढोबळ हिशेब, शरीर काही गप्प बसत नाही. मांड्या आणि पोट आवळून, श्वास रोखून दर तीन सेकंदांनी झटकन बदलायचा, हेच सगळे वैमानिक घाम गाळून शिकतात. पण तुमच्या गोळ्यांपैकी काही प्रकार नेमकं हेच शरीराचं प्रत्युत्तर दाबतात. कुठली गोळी ते इथे लिहू नका, तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारा. मणक्याची गादी सरकलेली असेल तर विषय संपला. आणि अ‍ॅव्होमिन घेतलीत तर उलटी थांबेल, पण झोपही येईल. एवढे पैसे भरून झोपू नका.

जनकगंजवाला | १० मार्च, रात्री १०.४०

डॉक्टरीणबाई, तुमचा प्रश्न काल रात्रभर डोक्यात होता. खरं उत्तर: स्वतः होऊन गेलो नसतो. पैसे असते तरी. पण आता कुणी बुकिंग रद्द केलं तर वाईट वाटेल. याला इच्छा म्हणायचं का, ते मला कळत नाही.

फिटरसाहेब, कंपनीला मेल टाकलीय. मणका ठीक. गोळीचं उद्या विचारतो.

बडोदेकर आजोबा | ११ मार्च, सकाळी ११.३०

हा धागा वाचून १९७१ आठवलं. मी तेव्हा बडोद्याला शाळेत होतो, ब्लॅकआउट, काचांना काळे कागद. रेडिओवर आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानाचं नाव ऐकलं की अंगावर काटा यायचा. श्रीनगरवर १४ डिसेंबरला निर्मलजीत सिंग सेखों एकटे नॅट घेऊन पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांना भिडले. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव. जनकगंजवाल्यांनी नॅट निवडायला हवं होतं. मिळतं का कुठे?

ब्रनोकर | ११ मार्च, दुपारी १२.१५

ब्रिटनमध्ये दोन सीटवाली नॅट अजून उडतात, लंडनच्या उत्तरेला नॉर्थ वील्डला. ब्रिटिश हवाई दलात ती शिकवण्यासाठी वापरत.

कंपूकर | ११ मार्च, दुपारी १२.४८

नॅटचं ऐकून छान वाटलं, पण ब्रिटनचं नाव निघालं म्हणून शोरहॅमही आठवा. २२ ऑगस्ट २०१५. हवाई प्रदर्शनात जुनं हंटर विमान गोल फिरवताना रस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली, सगळी खालची. काही तर प्रदर्शन बघायलाही आली नव्हती, गाडीतून चालली होती. वैमानिक वाचला. हंटर म्हणजे आपल्या लोंगेवालाचं विमान, आजोबा. त्यानंतर तिथल्या हवाई नियामकाने जुन्या जेटना समुद्र सोडून जमिनीच्या वर कसरती करायला मनाई केली. हौस तुमची, पण खाली कुणाचं तरी छप्पर असतं, हे ग्वाल्हेरवाल्यांना सांगायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीत शिवपुरीच्या बाजूला मिराज पडलं, शेतात पडलं म्हणून बरं. ते निदान देशाच्या कामासाठी उडत होतं.

बडोदेकर आजोबा | ११ मार्च, दुपारी १.२०

कंपूकर, तुम्ही लग्नातही असंच बोलता का?

कंपूकर | ११ मार्च, दुपारी १.२६

जेवण झाल्यावर.

जुना फिटर | ११ मार्च, दुपारी ४.०५

कंपूकरांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. ते बरोबर आहेत. अमेरिकेतही २ ऑक्टोबर २०१९ ला महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर विमान पडलं, पैसे भरून बसलेले प्रवासी होते, सात जण गेले. चौकशीत देखभालीतली हयगय निघाली आणि त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. जुनं म्हणून विमान पडत नाही. जुन्याला जास्त बघावं लागतं, आणि बघणारा पगारी माणूस पहिला कमी केला जातो.

सल्लागार मंडळ | ११ मार्च, रात्री ८.००

मिग-२१ कधीच निवृत्त करायला हवं होतं की नको होतं, यावरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला ते निवृत्त झालं, आता तरी त्याला आणि आम्हाला शांतता लाभू द्या.

जुना फिटर | २ एप्रिल, सकाळी ६.१५

जनकगंजवाले, मेलचं उत्तर आलं का?

जुना फिटर | १९ एप्रिल, सकाळी ६.१०

काही कळलं का सीटचं?

सराफ्यातला खवय्या | १९ एप्रिल, सकाळी १०.००

काका गुपचूप साठीशांतीच करून घेताहेत बहुतेक.

जनकगंजवाला | २४ मे, रात्री ११.३०

जाऊन आलो. लांबलचक लिहितो, माफ करा, हिला सांगून झालंय आणि तिला आता ऐकायचं नाही.

सकाळी नऊला पोचलो. विमानतळ म्हणजे गवत, एक डांबरी पट्टी आणि चहाची टपरी असते तशी एक टपरी. विमान बाहेर उभं होतं. मला वाटलं होतं त्याच्या निम्मं. आपल्या आवाजामुळे माझ्या डोक्यात जेट म्हणजे किल्ल्याएवढं काहीतरी होतं, याचं नाक तर माझ्या खांद्याला लागत होतं. १९८३ सालचं. माझी पहिली स्कूटर त्याच सुमाराची, ती भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.

वैमानिक तिथल्या हवाई दलातून निवृत्त, वयाने माझ्याच बरोबरीचा. तासभर समजावलं. यातला निम्मा वेळ कशाला हात लावायचा नाही यावर. हात कुठे ठेवायचे तर मांडीवर, घाबरल्यावर काय धरायचं तर स्वतःचे खांद्याचे पट्टे. त्याने मला तीनदा म्हणायला लावलं. मला ते राफेलवाले गृहस्थ आठवत होते. शिडीवरून चढताना डॉक्टरीणबाईंचं ऐकून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, ठोके १०४. हे बरं की वाईट?

आत सगळं रशियन. उंची मीटरमध्ये, वेग किलोमीटरमध्ये, हे आपल्याला सोयीचं. रंग हिरवट निळा, आमच्या जुन्या बँकेच्या भिंतींना असायचा तसा. आणि वास! मंडळी, तो वास रॉकेलचा. स्टोव्हला पंप मारताना यायचा तोच. जेटचं इंधन म्हणजे शेवटी रॉकेलचाच भाऊ. जगातल्या एका टोकाला, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क, आणि मला आठवतंय काय तर रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभा असलेला मी.

आधी एक छोटं इंजिन शिट्टी घालतं, ते मोठ्याला हवा देऊन फिरवतं, मग मोठं हळूहळू जागं होतं. या इंजिनाला घाई आवडत नाही, जोर पूर्ण यायला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणून उतरताना आधीच विचार करावा लागतो, असं तो म्हणाला. पाठीत धक्का बसेल म्हणून मी दात आवळून बसलो होतो. तसं काही झालं नाही. जोरात पळतं, पण सभ्यपणे. बोगीची खिडकी एकदम मोठी व्हावी आणि छप्पर निघून जावं, तसं काहीसं. मग जमीन खाली राहिली.

आता निराशेचं सांगतो. आवाज नव्हताच! हेल्मेटच्या आत घरघर, मिक्सर शेजारच्या खोलीत चालू असावा तेवढी. साठ वर्षं ज्या आवाजाच्या आत काय आहे म्हणून वर बघत होतो, त्याच्या आत आवाजच नाही. तो सगळा खालच्यांना. मला जरा फसवल्यासारखं झालं आणि त्याच वेळी खाली एक गाव होतं, कुणीतरी म्हातारी बरण्यांवर हात ठेवून उभी असेल म्हणून वाईटही वाटलं. कंपूकर, तेव्हा तुमची आठवण झाली, खोटं नाही सांगत.

खाली पिवळीधमक शेतं. मोहरीच्याच जातीचं पीक, तिकडे मेमध्ये फुलतं. जानेवारीत मुरैन्याच्या रस्त्याने जाताना दिसतं अगदी तसं, फक्त चौकोन मोठे. म्हणजे उड्डाणात मला परका देश असा दिसलाच नाही. रॉकेल काय, मोहरी काय.

मग त्याने विचारलं, सुरू करू? आधी एक हळू लोळण. जग आडवं झालं, वर गेलं, परत खाली आलं. पोटात काही नाही, मी हसलो. दुसऱ्यांदा थोडी जलद. मग वळण, ३ जी. गाल खाली ओघळले, मास्क नाकावरून सरकला. मांडीवरचा हात उचलून बघितला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी होता, पाण्याने भरलेली बादली उचलावी तसा. मग म्हणाला आता पूर्ण गोल, ४ जी, पोट आवळा. मी आवळलं. "हुप्प" असा आवाज माझ्याच तोंडून आला आणि मायक्रोफोनमधून मलाच ऐकू आला. चढताना पिवळी शेतं राखाडी झाली. डॉक्टरीणबाई, हे तुम्ही लिहिलं होतं म्हणून घाबरलो नाही. रंग गेले, कडा गेल्या, मधोमध नळीतून दिसावं तेवढं उरलं. मी आणखी जोर लावला तसे रंग परत आले, जणू कुणी वात वर केली. माथ्यावर उलटं असताना एक क्षण सगळं हलकं, मानेवरून ओझं काढून घेतल्यासारखं, आणि डोक्यावर शेतं.

त्याने दांडा माझ्या हातात दिला. मिनिटभर. नुसता विचार केला की विमान वळतं. मी डावीकडे कललो, उजवीकडे कललो, दोन्ही वेळा उगाच "सॉरी" म्हणालो.

विसाव्या मिनिटाला घाम सुटला आणि मी पिशवी हातात घेतली. उपयोग उतरल्यावर झाला, पट्टीच्या कडेला. खवय्ये, सकाळी नुसता टोस्ट खाल्ला होता, शेव नव्हे. मान तीन दिवस आखडलेली होती. मुलाने व्हिडिओ काढलाय, त्यात मी शिडीवरून उतरताना रेलिंग सोडतच नाही.

मुरारची डॉक्टरीण | २५ मे, सकाळी ७.५५

१०४ उत्तम. मान शेकलीत का? आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

बडोदेकर आजोबा | २५ मे, सकाळी ९.३०

वात वर केल्यासारखे रंग परत आले, वा! माझ्याकडून तुम्हाला सुरळीच्या वड्या लागू.

जुना फिटर | २५ मे, सकाळी १०.१०

सुखरूप आलात, आनंद झाला. वर्णन चोख. पण मी दोनदा विचारलं होतं.

जनकगंजवाला | २५ मे, रात्री १०.०५

हो. उत्तर २८ मार्चलाच आलं होतं. अगदी स्वच्छ उत्तर, गुळमुळीत नाही. सीट निकामी. पॅराशूट असतं, पण पुरेशी उंची असेल तर कॅनोपी टाकून स्वतःच्या हातापायांनी बाहेर पडायचं. खाली असाल तर सरकत शेतात उतरायचं. विमान तरंगत बऱ्यापैकी लांब जातं, पोटावरही उतरतं, असं लिहिलं होतं.

इथे लिहिलं असतं तर तुम्ही जाऊ नका म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं. म्हणून धाग्याकडे फिरकलो नाही. मुलाला मात्र ती मेल पाठवली. त्याचा अर्ध्या तासात फोन, बाबा, रद्द करतो, पैशांचं जाऊ दे. दोन दिवस मागे लागला होता. मीच नको म्हटलं. डॉक्टरीणबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा त्या फोनवर मिळालं. हिला सीटचं अजून सांगितलेलं नाही, ती इथे वाचत नाही, कृपा करा.

कंपूकर | २५ मे, रात्री १०.२०

वहिनी आमच्या हिच्या भिशीत आहेत. मी काही बोलणार नाही. एक कचोरी पुरेल.

जुना फिटर | २६ मे, सकाळी ६.०५

मी नाहीच म्हटलं असतं. आजही म्हणतो.

एक सांगा. कॅनोपी उडवायच्या दांड्याला लाल फितीची पिन असते. निघण्याआधी ती काढली होती का?

जनकगंजवाला | २६ मे, सकाळी ६.४०

काढली. मला दाखवली, मोठ्याने मोजली आणि त्याच्या बाहीवरच्या खिशात ठेवली. उतरल्यावर परत लावली.

जुना फिटर | २६ मे, सकाळी ६.४२

मग ठीक.